लिनक्स मिंटमध्ये पॅनेल आणि घड्याळ आपल्या सोयीने लावणे

विंडोज सोडून लिनक्सकडे नव्याने वळलेल्या माणसाची नजर पहिल्या दिवशी वारंवार जाते ती पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे घड्याळ असते, पण बहुधा तारीख नसते. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने दाखवलेली असते, अक्षरे बारीक वाटतात, आणि एकाच प्रोग्रॅमच्या चार खिडक्या उघडल्या तरी खाली चिन्ह एकच दिसते. हे सगळे बदलता येते आणि त्यासाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. एका ठिकाणी मात्र तशी आज्ञा लागते, ती पुढे येईलच.

हा लेख सिनॅमन डेस्कटॉप असलेल्या लिनक्स मिंटविषयी आहे. मिंट हा लिनक्सचा एक प्रकार, आणि डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरची पट्टी, मेन्यू आणि खिडक्या यांची मांडणी सांभाळणारा त्याचा भाग. नवख्यांना सुरुवातीला मी हीच जोडी सुचवतो, कारण तिची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला फारशी परकी वाटत नाही. मेन्यूंची नावे इंग्रजीच गृहीत धरून देवनागरीत लिहिली आहेत, आणि तुमची आवृत्ती जुनी किंवा नवी असल्यास त्यांत थोडा फरक आढळू शकतो. दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

पॅनेल म्हणजे काय

ज्याला आपण सवयीने टास्कबार म्हणतो त्याला सिनॅमनमध्ये पॅनेल म्हणतात. पॅनेल ही स्वतः एक रिकामी पट्टी असते. तिच्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे डावीकडचा मेन्यू, उघड्या खिडक्यांची चिन्हे, आवाजाचे बटण, वाय-फाय, बॅटरी आणि घड्याळ, हे एकेक स्वतंत्र ॲपलेट असते. प्रत्येक ॲपलेटची स्वतःची सेटिंग्ज असतात. ही रचना एकदा ध्यानात आली की ‘घड्याळाचे अक्षर कुठून मोठे करायचे’ यासारख्या प्रश्नांत नवखे का अडकतात ते कळते. घड्याळ काय दाखवते हे ॲपलेट ठरवते, पण ते किती मोठ्या अक्षरात दाखवायचे हे पॅनेल ठरवते, आणि म्हणून या दोन गोष्टी दोन वेगळ्या खिडक्यांत सापडतात.

काम सुरू करण्याआधी एक सवय लावून घ्यावी: एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढच्या बदलाला हात लावावा. इथे बहुतेक ठिकाणी ‘सेव्ह’चे बटण नसते, खटका दाबताच बदल लागू होतो. त्यामुळे पाच खटके एकदम दाबले तर नको असलेला परिणाम कशामुळे झाला हे शोधत बसावे लागते.

आधी घड्याळ

सुरुवात घड्याळापासून करावी, कारण तिथे चूक झाली तरी काही मोडत नाही. घड्याळावर क्लिक केल्यावर दिनदर्शिका उघडते आणि तिच्या तळाशी तारीख-वेळेच्या सेटिंग्जकडे नेणारी ओळ असते. त्या खिडकीत चोवीस तासांची पद्धत चालू-बंद करण्याचा, तारीख दाखवण्याचा आणि सेकंद दाखवण्याचा असे वेगवेगळे खटके आहेत. आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, हेही तिथेच ठरते. ज्याला केवळ बारा तासांचे घड्याळ आणि शेजारी तारीख हवी आहे, त्याचे काम इथेच संपते.

परंतु बहुतेकांचे समाधान इथे होत नाही. तारीख लांबलचक येते, महिना आधी आणि दिवस नंतर येतो, किंवा वार हवा असतो आणि वर्ष नको असते. अशा वेळी घड्याळावर उजवी क्लिक करून ‘कॉन्फिगर’ निवडावे. उघडणाऱ्या खिडकीत ‘यूज अ कस्टम डेट फॉरमॅट’ असा खटका आहे. तो चालू केला की खाली एक चौकट दिसते आणि तीत आपल्याला हवा तो साचा लिहिता येतो. हा खटका चालू असताना आधीच्या खिडकीतले खटके घड्याळाच्या दर्शनी रूपावर परिणाम करत नाहीत. ‘मी सेकंद बंद केले तरी दिसतातच’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

साच्याची लिपी सोपी आहे. प्रत्येक घटकासाठी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून एक इंग्रजी अक्षर लिहायचे असते. अक्षर मोठे की छोटे, म्हणजे कॅपिटल की स्मॉल, यावर अर्थ पूर्णपणे बदलतो. मोठा एच म्हणजे चोवीस तासांच्या पद्धतीतला तास आणि मोठा आय म्हणजे बारा तासांच्या पद्धतीतला तास. मोठा एम म्हणजे मिनिटे, मोठा एस म्हणजे सेकंद, आणि छोटा पी म्हणजे एएम किंवा पीएम. तारखेसाठी छोटा डी दिवसाचा आकडा देतो, छोटा एम महिन्याचा आकडा देतो आणि मोठा वाय चार आकडी वर्ष देतो. वाराचे पूर्ण नाव हवे तर मोठा ए आणि संक्षिप्त हवे तर छोटा ए लिहावा. महिन्याच्या नावासाठी याच रीतीने मोठा बी आणि छोटा बी आहेत. या अक्षरांच्या मध्ये कोलन, तिरपी रेघ, स्वल्पविराम किंवा रिकामी जागा जशी टंकाल तशीच घड्याळात उमटते.

मिनिटांचा मोठा एम आणि महिन्याचा छोटा एम यांत गल्लत करणे हा या कामातला सर्वांत जुना अपघात आहे, आणि तो माझ्याही हातून झालेला आहे. एका ऑगस्टमध्ये मी वडिलांच्या संगणकावर मोठ्या हौसेने साचा लिहून दिला आणि निघून आलो. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की हे घड्याळ तास बदलते, पण मिनिटांच्या जागी आठाच्या पुढे सरकतच नाही. साचा लिहिताना घड्याळात आठ वाजून आठ मिनिटे झाली होती, म्हणून मला ते जागेवर दिसले नाही. तेव्हापासून साचा लिहिल्यावर निदान एक मिनिट थांबून आकडा पुढे सरकतो की नाही हे मी पाहतो आणि मगच खिडकी बंद करतो.

आता प्रत्यक्ष साचा तयार करू. टक्का आणि मोठा आय, मग कोलन, मग टक्का आणि मोठा एम, मग रिकामी जागा, मग टक्का आणि छोटा पी असे लिहिले की रात्री साडेनऊनंतर पाच मिनिटांनी घड्याळ ‘०९:३५ पीएम’ असे दाखवेल. पुढचे शून्य खटकत असेल तर टक्का आणि मोठा आय यांच्या मध्ये एक संयोगरेघ टाकावी. मग ‘९:३५’ असे सुटसुटीत दिसते. हीच युक्ती तारखेच्या छोट्या डीलाही लागू पडते. बारा तासांची पद्धत घेतलीत तर छोटा पी गाळू नये, कारण दुपारी झोपून उठलेल्या माणसाला सहा म्हणजे पहाटेचे की संध्याकाळचे हे घड्याळाकडून कळले पाहिजे.

तारीख वेळेच्या खाली दुसऱ्या ओळीत हवी असेल, जशी विंडोजमध्ये असते, तर वेळेचा साचा संपला की टक्का आणि छोटा एन लिहावा आणि त्यापुढे तारखेचा साचा लिहावा. छोटा एन म्हणजे नवी ओळ. त्याच्या आधी किंवा नंतर रिकामी जागा सोडू नये, नाहीतर एक ओळ किंचित सरकलेली दिसते. आपल्याकडच्या वापरासाठी दुसऱ्या ओळीत दिवस, महिना, वर्ष हा क्रम ठेवून मध्ये तिरप्या रेघा द्याव्यात. वार मला स्वतःला तारखेपेक्षा जास्त वेळा लागतो, म्हणून मी वर्ष काढून टाकून तिथे छोटा ए ठेवला आहे. चालू वर्ष कोणते हे सहसा लक्षात राहते.

कॉन्फिगरच्या त्याच खिडकीत घड्याळावर माउस नेल्यावर उमटणाऱ्या छोट्या चौकटीसाठीही साचा देता येतो. दर्शनी घड्याळ आटोपशीर ठेवावे आणि वाराचे पूर्ण नाव, महिन्याचे पूर्ण नाव आणि वर्ष त्या चौकटीत घालावे, ही वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते. सेकंद मात्र गरज असल्याशिवाय दाखवू नयेत. ते दाखवायचे म्हणजे पडद्याचा तो भाग दर सेकंदाला नव्याने रंगवावा लागतो, आणि डोळ्यांच्या कडेला सतत काहीतरी हलत राहिले की लिहिण्यावाचण्यातले लक्षही जाते.

वार आणि महिने मराठीत

वार आणि महिन्यांची नावे कोणत्या भाषेत येतील हे घड्याळ ठरवत नाही. ते सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘लँग्वेजेस’ या विभागात ठरते. तिथे भाषा आणि प्रदेश असे दोन वेगळे पर्याय असतात. मेन्यू इंग्रजीत ठेवून फक्त तारखेची नावे मराठीत आणायची असतील, तर भाषेला हात न लावता प्रदेशासाठी मराठी, भारत हा पर्याय निवडावा. नव्या आवृत्तीत वेळेच्या मांडणीसाठी वेगळी ओळ दिसल्यास ती बदलावी. यादीत मराठी दिसत नसेल तर त्याच खिडकीतून ती भाषा आधी बसवून घ्यावी लागते. हा बदल लगेच दिसत नाही. एकदा लॉग आउट करून पुन्हा आत यावे लागते.

यानंतर ‘मंगळवार’ आणि ‘ऑगस्ट’ अशी नावे येतात, आकडे मात्र इंग्रजी वळणाचेच राहतात. एएम आणि पीएमच्या जागी ‘म.पू.’ आणि ‘म.नं.’ उमटतात. मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हानंतर हे शब्द बरोबर असले तरी रोजच्या बोलण्यात ते कोणी वापरत नाही; आपण सकाळचे दहा आणि रात्रीचे दहा म्हणतो. हे संक्षेप खटकत असतील तर चोवीस तासांची पद्धत घेणे हाच सरळ उपाय आहे, आणि रेल्वेच्या वेळापत्रकामुळे ती आपल्याला अपरिचितही नाही.

देवनागरीची एक वेगळी गरज इथे ध्यानात घ्यावी लागते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार असतात. त्यामुळे इंग्रजी अक्षराला पुरणारी उंची ‘शुक्रवार’ किंवा ‘फेब्रुवारी’ला अपुरी पडते. एकाच ओळीचे घड्याळ मूळच्या पॅनेलमध्ये नीट बसते, पण दोन ओळी करून त्यांतल्या एकीत मराठी नाव घातले की उकार आणि वरच्या मात्रा एकमेकांना भिडू लागतात. म्हणून मराठी नावे आणि दोन ओळी अशी जोडी हवी असेल तर पॅनेल उंच करण्याला पर्याय नाही.

पॅनेलची उंची आणि अक्षरांचा आकार

पॅनेलच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ‘पॅनेल सेटिंग्ज’ उघडावे. रिकामी जागा सापडत नसेल तर मध्यभागी क्लिक करून पाहावे. सिनॅमनच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स मिंट १९.१ पासून, पॅनेलची मूळ उंची ४० पिक्सेल आहे. दोन ओळींच्या घड्याळासाठी ती ४६ ते ५० च्या दरम्यान ठेवावी. एकेक पिक्सेल वाढवत जावे आणि उकार पूर्ण दिसू लागला की थांबावे; लहान पडद्याच्या लॅपटॉपवर उंच पॅनेल मजकुराची एक ओळ खाऊन टाकते, हेही विसरू नये.

त्याच खिडकीत पुढे अक्षरांचा आणि चिन्हांचा आकार ठरवण्याची सोय आहे. पॅनेलचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग मानले आहेत आणि प्रत्येक भागासाठी आकार वेगळा ठेवता येतो. घड्याळ उजव्या भागात असल्याने तिथल्या अक्षरांचा आकार वाढवला की घड्याळ मोठे होते आणि डावीकडच्या मेन्यूला धक्का लागत नाही. ज्येष्ठ माणसांच्या संगणकावर मी सर्वांत आधी हाच बदल करतो, कारण सगळ्या पडद्याची अक्षरे मोठी केली की बँकेच्या संकेतस्थळावरची बटणे पडद्याबाहेर जाऊ लागतात, पण घड्याळ मोठे केल्याने कशाचेच बिघडत नाही.

पॅनेल कायम दिसावे, आपोआप लपावे, की एखादी खिडकी त्याला भिडली तरच लपावे, असे तीन पर्यायही इथे आहेत. लॅपटॉपसाठी तिसरा पर्याय चांगला आहे. नवख्या माणसासाठी पहिलाच ठेवावा, कारण नाहीशी झालेली पट्टी त्याला बिघाड वाटते.

जागा बदलणे, चिन्हे चिकटवणे

ॲपलेटची जागा बदलायची असेल तर पॅनेलवर उजवी क्लिक करून ‘पॅनेल एडिट मोड’ चालू करावा. आता पॅनेलच्या तिन्ही भागांवर हलक्या रंगछटा दिसू लागतात आणि कोणतेही ॲपलेट माउसने धरून दुसरीकडे ओढता येते. घड्याळ मधल्या भागात आणून ठेवणारे पुष्कळ आहेत. काम झाले की हा खटका न विसरता बंद करावा, कारण तो चालू असेपर्यंत ॲपलेटवरच्या क्लिकला नेहमीचा प्रतिसाद मिळत नाही आणि ‘मेन्यू उघडत नाही’ असे वाटून लोक संगणक बंद-चालू करत बसतात.

रोजचे प्रोग्रॅम पॅनेलवर चिकटवण्यासाठी प्रोग्रॅम उघडावा, खाली आलेल्या त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करावी आणि ‘पिन टू पॅनेल’ म्हणावे. चिन्हांचा क्रम ओढून बदलता येतो. एका प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या एकाच चिन्हात कोंबलेल्या आवडत नसतील, तर त्या चिन्हाच्या उजव्या क्लिकच्या मेन्यूतून ‘ॲपलेट प्रेफरन्सेस’मध्ये आणि तिथून ‘कॉन्फिगर’मध्ये जावे. तिथे खिडक्यांचे गट करण्याचा पर्याय बंद करता येतो आणि चिन्हाशेजारी खिडकीचे नाव दाखवण्याचा पर्याय निवडता येतो. दोन-तीन कागदपत्रे शेजारी उघडून काम करणाऱ्याला नावे फार उपयोगी पडतात.

नवे ॲपलेट हवे असल्यास पॅनेलवरच्या उजव्या क्लिकच्या मेन्यूतून ‘ॲपलेट्स’ उघडावे. तिथल्या ‘मॅनेज’ या भागात संगणकावर आधीच असलेली ॲपलेट दिसतात. अधिक चिन्ह दाबले की ती पॅनेलवर येतात. ‘डाउनलोड’ या भागातून इतरांनी बनवलेली ॲपलेट घेता येतात. मुलगी अमेरिकेत आणि भाऊ दुबईत अशी घरे आता आपल्याकडे थोडी नाहीत, आणि त्यांच्यासाठी ‘वर्ल्ड क्लॉक कॅलेंडर’ हे ॲपलेट उपयोगाचे आहे, कारण निवडलेल्या शहरांच्या वेळा दिनदर्शिकेसोबतच दिसतात. पण ही ॲपलेट हौशी मंडळींनी लिहिलेली असतात, म्हणून दहा घेण्यापेक्षा एकच घ्यावे आणि पंधरा दिवस वापरून पाहावे.

घड्याळ सुंदर, पण वेळ चुकीची

वेळ चुकत असेल तर आधी प्रमाणवेळ तपासावी. तारीख-वेळेच्या सेटिंग्जमध्ये खंड आणि शहर निवडायचे असते. तिथे मुंबई, पुणे किंवा पणजी शोधू नये. सगळ्या भारतासाठी आशिया आणि कोलकाता ही एकच नोंद आहे. त्याच खिडकीत इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा खटका चालू ठेवावा.

संगणक प्रत्येक वेळी चालू केल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवत असेल, तर दोष लिनक्समध्ये नसतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डेस्कटॉप संगणकात तो बहुधा सीआर २०३२ या प्रकारचा असतो आणि तो बदलला की प्रश्न मिटतो.

वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल आणि त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर कारण वेगळे आहे. संगणकाच्या आत बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. लिनक्स त्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतो आणि पडद्यावर दाखवताना भारतासाठी साडेपाच तास मिळवतो. विंडोज मात्र त्याच घड्याळात थेट स्थानिक वेळ ठेवते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, पण एकाने लिहिलेली वेळ दुसरा आपल्या रीतीने वाचतो. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडते, आणि उलट दिशेने येताना इंटरनेट नसेल तर तितकेच पुढे धावते.

सुरुवातीला म्हटलेली आज्ञा लागते ती इथे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याचा तो काळा पडदा, उघडून सगळे इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकावे. पहिला शब्द टाइम, डेट आणि सी-टी-एल ही तीन अक्षरे असा सलग, मध्ये जागा न सोडता लिहावा. मग एक रिकामी जागा सोडून सेट, लोकल आणि आर-टी-सी हे तीन तुकडे संयोगरेघांनी जोडून लिहावेत. मग पुन्हा एक रिकामी जागा सोडून इंग्रजी एकचा आकडा लिहावा आणि एंटर दाबावे. पासवर्ड विचारला तर द्यावा. यानंतर लिनक्सही आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवू लागतो. पहिला शब्द एकटाच टंकून एंटर दाबले की सद्यस्थिती दिसते आणि सोबत या पद्धतीबद्दल एक इशाराही येतो. तो इशारा बऱ्याच अंशी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांच्या अडचणींविषयी आहे. भारतात तशी प्रथा नसल्याने इथे त्याचा त्रास सहसा होत नाही, पण ब्रिटन किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी ही वाट टाळावी आणि विंडोजलाच जागतिक वेळ पाळायला सांगावे. मागे फिरायचे झाल्यास तीच आज्ञा एकच्या जागी शून्य लिहून द्यावी.

काही बिघडल्यास

पॅनेल गोठले किंवा अर्धवट दिसू लागले तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. सिनॅमन नव्याने सुरू होतो आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. एखाद्या ॲपलेटची सेटिंग्ज विस्कटली तर त्याच्या कॉन्फिगर खिडकीच्या कोपऱ्यातल्या मेन्यूत मूळ स्थितीला जाण्याचा पर्याय आहे; सेटिंग्ज फाइलमध्ये साठवण्याचा पर्यायही तिथेच आहे आणि मनासारखे घड्याळ जमल्यावर तो वापरून ठेवावा. सगळेच हाताबाहेर गेले तर पॅनेलच्या उजव्या क्लिकच्या मेन्यूत ‘ट्रबलशूट’मध्ये सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीला नेण्याची सोय आहे. त्याने तुमच्या फाइलींना काही होत नाही, पण चिकटवलेली चिन्हे आणि लिहिलेला साचा जातो, म्हणून तो साचा आधीच कुठेतरी टिपून ठेवावा.

इतर डेस्कटॉपवर

एक्सएफसीई वापरणाऱ्यांनी घड्याळावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे; साच्याची अक्षरे वर दिली तीच चालतात. केडीई प्लाझ्मामध्ये डिजिटल घड्याळाच्या सेटिंग्जमध्येच एकाहून अधिक प्रमाणवेळा निवडता येतात, वेगळे काही उतरवावे लागत नाही. नोममध्ये मुळात टास्कबारच नसतो, फक्त वरची पट्टी असते आणि घड्याळ तिच्या मधोमध असते. खाली पट्टी हवीच असेल तर ‘डॅश टू पॅनेल’ हे एक्स्टेन्शन बसवावे लागते.